डेबर्नर

"तांबट, डेबर्नर म्हणजे काय हो?"

मुख्याधिकारी निकम साहेबांनी टेबलावरून एक पत्र माझ्याकडे सरकवलं. निळसर जाड कागद, टाईप केलेलं इंग्रजी, खाली वळणदार सही. ती सही मी लगेच ओळखली.

अठ्ठ्याऐंशी सालचा ऑगस्ट होता. हिवरपेठ नगरपालिकेत आवक-जावक लिपिक म्हणून लागून मला अकरा महिने झाले होते. आणखी एक महिना बिनतक्रार गेला की नोकरी कायम होणार होती. अख्ख्या कचेरीत इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालेला मी एकटाच. त्यामुळे कुठलाही इंग्रजी कागद आला की तो फिरत फिरत माझ्याच टेबलावर यायचा. शिपाई चहासुद्धा आधी मला द्यायचा. मी तो मान मोठ्या आनंदाने मिरवत होतो.

पत्र होतं कीर्तने साहेबांचं. हे गृहस्थ तीस वर्षं इंग्लंडमधल्या कुठल्याशा शहराच्या नगरपालिकेत इंजिनिअर होते. निवृत्त होऊन गावी परतले आणि आमच्या नगरपालिकेला सुधारायचं त्यांनी मनावर घेतलं. पत्रात तीनच वाक्यं होती. 'माझ्या फाटकासमोरचा डेबर्नर गेले चाळीस दिवस चालू आहे. आपल्या कर्मचाऱ्यांच्या कानावर ही गोष्ट घातलेली आहे. कृपया तो ताबडतोब पुट आउट करावा.'

"डेबर्नर ना?" मी म्हणालो. "बघून सांगतो, साहेब."

"लवकर बघा. मागल्या वर्षी ह्या माणसाने नळाबद्दल कलेक्टरांना तीन पानी पत्र लिहिलं होतं. कलेक्टरांनी ते मला उभं करून मोठ्याने वाचायला लावलं. पंधरा ऑगस्टच्या आत हे प्रकरण मिटलं पाहिजे."

मी जागेवर आलो आणि कचेरीतली एकुलती एक डिक्शनरी काढली. तिला पाठीचा पुठ्ठा नव्हता. तिच्यात 'डेब्रेक' होता आणि लगेच खाली 'डेड्रीम' होतं. मधे काही नाही. मी पान उजेडाकडे धरून पाहिलं, दोन पानं चिकटलीत का तेही पाहिलं. नव्हती चिकटली.

कीर्तने साहेबांचं घर कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर. उठून गेलो असतो, "साहेब, हा शब्द कळला नाही" एवढं म्हणालो असतो, तर सगळं तिथेच संपलं असतं. पण दोन महिन्यांपूर्वी मी त्यांना इंग्रजीत उत्तर पाठवलं होतं. ते त्यांनी लाल शाईने तपासून परत पाठवलं. सात चुका. खाली शेरा: 'प्रयत्न चांगला.' शिपायाने ते पाकीट सगळ्यांदेखत फोडलं होतं. त्या माणसाच्या दारात जाऊन शब्दाचा अर्थ विचारण्यापेक्षा मी नोकरी सोडली असती.

म्हणून मी शब्द फोडला. डे म्हणजे दिवस. बर्नर म्हणजे जाळणारा. दिवसा जाळणारा. आणि पुट आउट म्हणजे? बाहेर काढणे. मी डोळे मिटून कीर्तन्यांचं फाटक आठवलं. समोर विजेचा खांब, खांबाखाली टेबल, टेबलावर कोळशाची इस्त्री. सरूबाई नावाची एक बाई सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत तिथे कपड्यांना इस्त्री करायची. शेगडीचा धूर थेट फाटकात जात असणार. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

मी साहेबांकडे गेलो.

"साहेब, हा इंग्लंडातला खास शब्द आहे. साध्या डिक्शनरीत सापडत नाही."

"पण म्हणजे काय?"

"दिवसा ज्वलन करणारा इसम."

साहेब दचकले. "इसम? काय जाळतो?"

"कोळसा. इस्त्रीवाली आहे ना ती खांबाखाली? तिला बाहेर काढा म्हणतायत."

"मग तसं सरळ लिहायचं की!" साहेब म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "तुम्ही आहात म्हणून चाललंय, तांबट."

मी सुंदर अक्षरात टिप्पणी लिहिली. 'श्री. कीर्तने यांच्या फाटकासमोर दिवसा ज्वलन करणाऱ्या इसमास हटविणेबाबत.' साहेबांनी सही केली आणि कागद अतिक्रमण विभागाकडे गेला.

चौदा ऑगस्टला सकाळी साडेदहाला अतिक्रमणवाल्यांचा ट्रॅक्टर कचेरीच्या आवारात आला. टेबल, इस्त्री, शेगडी आणि पाच मोठाली गाठोडी त्यांनी व्हरांड्यात उतरवली. मी खिडकीतून बघत होतो. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. आपण एक शब्द उलगडला आणि त्यावर अख्खी यंत्रणा हलली!

अकरा वाजता नगराध्यक्षांचा गडी धावत आला. "अध्यक्षांचं धोतर आनि जाकीट इस्त्रीला टाकलंय. उद्या झेंडावंदन हाय. बाईचं टेबल जाग्यावर न्हाई."

सव्वाअकराला हायस्कूलचे मुख्याध्यापक आले. लेझीम पथकाचे बेचाळीस पांढरे सदरे सरूबाईकडे होते. त्यांच्या पाठोपाठ बँडवाले आले, होमगार्डचे दोघे आले, बँकेचे मॅनेजर आले. गावातलं जेवढं म्हणून पांढरं कापड होतं, ते त्या पाच गाठोड्यांत होतं. आणि कुठलं कोणाचं, हे एका सरूबाईला सोडून कोणालाच माहीत नव्हतं. तिची खुणेची पद्धत होती. कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याचा टाका घालायची. कोणता रंग कोणाचा, हे तिच्या डोक्यात.

निकम साहेब बाहेर आले, गाठोड्यांकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "माझाही शर्ट आहे हो त्यात."

"मी जाऊन विचारून येतो तिला, साहेब."

"जा. आणि जाताच आहात तर ही नोटीसही देऊन अंगठा घेऊन या. कागद पुरा पाहिजे."

सरूबाई खांबाला टेकून बसली होती. टेबल होतं तिथे जमिनीवर चार खड्डे उरले होते. पन्नाशीची, काटक बाई. मला पाहून उठली नाही.

"बाई, कपडे कोणाचे कुठले ते जरा सांगाल का?"

"टेबल कुटाय माजं?"

"कचेरीत आहे. ही नोटीस घ्या, इथे अंगठा करा."

"काय लिवलंय त्यात?"

मी वाचून दाखवलं. दिवसा ज्वलन करणाऱ्या इसमास.

"ज्वलन म्हंजे?"

"जाळणं."

"म्या काय जाळलं ओ कुनाचं?" ती ताडकन उभी राहिली. "एकवीस वर्सं झाली हितं. एका शर्टाला डाग लागू दिला न्हाई. इचारा कुनालाबी, जळका वास आलाय का कवा माज्या कपड्याला?"

"तसं नाही हो. तक्रार आली आहे. ह्या समोरच्या साहेबांची."

"ह्या सायबांची?" तिने फाटकाकडे बोट केलं. तिचा चेहराच बदलला. "कीर्तने सायबांनी माजी तक्रार केली?"

तेवढ्यात फाटक उघडलं आणि कीर्तने साहेब बाहेर आले. अर्धी विजार, पायात मोजे, हातात काठी. ती त्यांना चालायला लागत नव्हती, नुसती हलवायला लागायची.

"काय चाललंय हे? सरूबाईंचं टेबल कोणी नेलं? माझे चार शर्ट आहेत त्यांच्याकडे!"

"साहेब, तुमच्याच पत्रावर कारवाई झाली आहे," मी म्हणालो. आवाजात जमेल तेवढा अधिकार आणला. "डेबर्नर हटवला."

"डेबर्नर?" त्यांनी मान वर केली. "कुठे हटवला? तो काय वर!"

काठी सरळ आभाळाकडे गेली होती. मीही वर पाहिलं.

खांबावरचा दिवा चालू होता. भर बारा वाजताच्या उन्हात, बारीक, फिक्कट, निळसर. मी गेले अकरा महिने रोज त्या रस्त्याने कचेरीत जात होतो. पण दिवसा दिव्याकडे कोण बघतं?

"दिवसा चालू राहणारा रस्त्यावरचा दिवा," कीर्तने साहेब एकेक शब्द सुटा करत म्हणाले. "बिघाड होतो आणि दिवा विझायचं विसरतो. त्याला म्हणतात डेबर्नर. आणि पुट आउट म्हणजे विझवणे. मी तीस वर्षं दिव्यांच्याच खात्यात होतो. रोज सकाळी नऊला फोन यायचा, अमक्या गल्लीत डेबर्नर, तमक्या चौकात डेबर्नर. फार सोपा शब्द आहे."

"डिक्शनरीत नाही, साहेब," मी कसाबसा म्हणालो.

"नसणारच. तो लोकांच्या तोंडात असतो. पण कळला नाही तर विचारायचं की! तुम्ही काय समजलात?"

हातातली नोटीस मी पाठीमागे घेतली, पण सरूबाईने ती काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा चढवून वाचली. मला वाटलं, आता काठी पडणार. पण ते हसायला लागले. इतके हसले की खांबाला हात धरून उभं राहावं लागलं. मला काठी परवडली असती.

हसणं थांबल्यावर ते म्हणाले, "ह्या बाईंचा आज सकाळपासूनचा धंदा बुडाला. ते हसण्यासारखं नाही. जा आणि निस्तरा."

मी कचेरीत परतलो तो आधी इस्माईलभाईंकडे गेलो. नगरपालिकेचे वायरमन. त्यांना दिव्याचं सांगितलं तर ते जागचे हललेही नाहीत.

"दीड महिन्यापूर्वी मंत्री आले होते ना?" ते म्हणाले. "तेव्हा खांबांना चंदेरी रंग फासला. ह्या नव्या दिव्यांना वर एक डोळा असतो. उजेड दिसला की दिवा बंद करतो, अंधार झाला की लावतो. रंगाऱ्याने त्या डोळ्यालाही रंग फासला. त्याला काय दिसणार, भाऊ? त्याच्या लेखी दीड महिना रात्रच आहे."

"मग तुम्ही दुरुस्त का नाही केलात?"

"तक्रारीचा कागद तुमच्या टेबलावरून माझ्याकडे यायला लागतो. आलाच नाही."

निकम साहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. टेबलावरचा पेपरवेट गोल फिरवला.

"तांबट, ह्यात आता एकच करायचं," ते म्हणाले. "दिवा इस्माईलकडून बंद करून घ्या. बाईंचं टेबल मात्र परत द्यायचं नाही. तिच्याकडे परवाना कुठे आहे? अतिक्रमण म्हणून काढलं, संपलं. कपडे ज्याचे त्याने ओळखून न्यावेत."

"पण साहेब, तिला काढायचं कारण..."

"कारण काय लिहू? नगरपालिकेला दिवा आणि बाई ह्यांतला फरक कळला नाही? कीर्तने ते पत्र कलेक्टरांना पाठवतील. मी पुन्हा उभा राहून वाचू?" मग त्यांचा आवाज मऊ झाला. "तुमचंही भलं त्यातच आहे. पुढच्या महिन्यात तुमची फाइल माझ्याकडे येणार आहे."

ते खोटं बोलत नव्हते. घरी आई होती, लग्नाची बहीण होती आणि सप्टेंबरची वाट मी कॅलेंडरवर फुल्या मारत बघत होतो.

मी जागेवर येऊन बसलो. व्हरांड्यात सरूबाई येऊन उभी होती. आपल्या इस्त्रीपाशी. तिने इस्त्रीचं झाकण उघडून पाहिलं, आतली राख फुंकली आणि पदराने तिचा तळ पुसायला लागली. कोणाशी भांडली नाही, कोणाला काही विचारलं नाही. नुसती पुसत राहिली. तिने आरडाओरडा केला असता तर मी कदाचित साहेबांचं ऐकलंही असतं.

मी कोरा कागद घेतला. 'सदर पत्रातील शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता. तो माहीत असल्याचे मी भासविले. पत्रलेखकास विचारण्याची मला लाज वाटली. चूक सर्वस्वी माझी आहे. सदर महिलेचा काही संबंध नाही. तिचे सामान आजच परत करावे.' खाली सही आणि तारीख.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला.

"'लाज वाटली' हे काढा. सरकारी कागदावर कोणी लिहितं का असं?"

"राहू द्या, साहेब. तेच खरं कारण आहे."

"हा कागद तुमच्या फाइलला लागेल. कायमचा."

"हो."

त्यांनी पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग माझ्याकडे न बघता सही केली. माझी नोकरी कायम व्हायला पुढे आणखी सहा महिने लागले. पण त्या कागदामुळे कलेक्टरांपुढे उभं राहायची वेळ साहेबांवरही आली नाही आणि माझ्यावरही.

टेबल परत न्यायला ट्रॅक्टर तयार झाला, तर सरूबाई हलेना.

"आता तीन वाजलं. तितं जाऊन मांडामांड करू कवा आनि बेचाळीस सदरं करू कवा? हितंच करती. कोळसा आना. आनि एक मानूस द्या पानी मारायला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सभागृहाच्या दारात टेबल लागलं. मी बाह्या दुमडल्या आणि पाणी मारायला उभा राहिलो. पहिल्याच सदऱ्यावर तांब्याच ओतला. तिने तो पिळून माझ्याच हातात दिला. "शिपडायचं, आंगूळ न्हाई घालायची." नगराध्यक्षांच्या धोतराचं एक टोक मी धरलं, दुसरं तिने. निकम साहेब दोनदा पाणी प्यायला म्हणून बाहेर आले आणि आपल्या शर्टाचा नंबर कितवा ते बघून गेले. इस्माईलभाई शिडी घेऊन गेले आणि डोळ्यावरचा रंग खरवडून परत आले. "झोपला एकदाचा," म्हणाले.

पाचच्या सुमारास कीर्तने साहेब आले. त्यांनी नोटीस मागून घेतली होती. ती चौकट करून भिंतीवर लावणार म्हणाले. जाताना माझ्या खांद्यावर काठी टेकवली. "तुमची कबुली वाचली. निकमांनी दाखवली. ह्यावेळी एकही चूक नाही."

साडेसातला शेवटचा सदरा झाला. दिवे लागले होते. सरूबाईने इस्त्री खाली ठेवली आणि पायरीवर बसली. मी दोन चहा मागवले.

"बाई," मी म्हणालो, "मघाशी राहिलं विचारायचं. कीर्तने साहेबांनी लिहिलंय, कर्मचाऱ्यांच्या कानावर घातलंय म्हणून. ते कोणाला भेटले होते?"

"ते कुटं भेटले? म्या आलते."

"तुम्ही?"

"दोनदा. तुमच्या टेबलापाशीच. म्हनलं, सायेब, दिवसा दिवा जळतोय, बंद करा. तुमी मान वर न करता म्हनला, लेखी आना. म्हनलं, मला लिवता येत न्हाई. तुमी म्हनला, मग म्होरल्या आटवड्यात या." तिने बशीत चहा ओतला. "आमच्या वस्तीवर खांबच न्हाई. पोरगी चिमणी लावून अब्यास करती. आनि हितं माज्या डोक्यावर भर उनात दिवा. बगवना मला. म्हनून म्याच कीर्तने सायबांला म्हनलं, तुमी इंग्रजीत लिवा, तवा तरी वाचतील."

मला ती आठवत नव्हती. खूप आठवून पाहिलं. टेबलापाशी आलेली एक नऊवारी साडी आठवावी, एक आवाज आठवावा, तर तेही नाही. चहा माझ्या हातात तसाच राहिला.

मग मी आत जाऊन पॅड आणि पेन आणलं आणि तिच्या खालच्या पायरीवर बसलो.

"सांगा. वस्तीवर किती घरं?"

"एकोनतीस." ती माझ्याकडे जरा संशयाने बघत होती. "काय लिवताय?"

"खांबांसाठी अर्ज. तुमच्या नावाने. उद्याच आवक नंबर टाकतो."

"कशात लिवताय? मराटीत?"

"हो."

"मराटी नगं. इंग्रजीत लिवा."

मी पान उलटलं आणि इंग्रजीत लिहायला लागलो. अवघड शब्द एकही घातला नाही. त्या अर्जाचं पुढे झालं ते एवढंच, की तो तीन वेळा परत आला, तीनही वेळा मी पुन्हा पाठवला आणि पुढच्या वर्षीच्या दिवाळीआधी वस्तीवर चार खांब उभे राहिले. पण त्या संध्याकाळी मला ते माहीत नव्हतं. मी लिहून झाल्यावर तिला एकेक ओळ मराठीत सांगितली. तिने डोळे मिटून सगळं ऐकलं. अंगठ्याला शाई लावून घेतली. मग अंगठा कागदावर टेकवता टेकवता थांबली.

"त्यो शबूद कुटं हाय?"

"कुठला?"

"डेबरनर."

"अहो बाई, तुमच्याकडे दिवाच नाही. तो शब्द इथे कसा बसेल?"

"बसवा," ती म्हणाली. "त्या शब्दाला मान्सं पळत येत्यात."